नोकरी, चिंगी आणि दुपारचे एक ते चार

"तुम्ही दोघंही नोकरी करता ना? मग कुत्र्याचं काय करता?"

गेल्या पाच वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय. एक गंमत मात्र लक्षात आली. हा प्रश्न नेहमी मलाच विचारला जातो, नवऱ्याला कध्धीच नाही. कुत्रं दोघांचं, नोकऱ्या दोघांच्या, पण दुपारी घरी कोणी नसतं ही जबाबदारी माझ्या एकटीची! असो. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. (की नाही? पुढे बघू.)

चिंगी आमच्याकडे आली जुलै २०२० मध्ये. सोसायटीतल्या एका गाडीखाली पावसात कुडकुडत बसलेलं, दोन महिन्यांचं, तांबूस रंगाचं पिल्लू. गावठी. आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण आपल्या हवेला, आपल्या उन्हाला याच्याइतकं सरावलेलं कुत्रं दुसरं नाही. तेव्हा लॉकडाऊनमुळे आम्ही दोघंही घरूनच काम करत होतो. पिल्लाला महिन्याला एक तास या हिशेबाने लघवी धरता येते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम दोन तास. आम्ही मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तिला उचलून बाल्कनीकडे पळायचो. ऑफिसला जाणाऱ्या माणसांना हे कसं जमलं असतं, देव जाणे.

पुढची अडीच वर्षं चिंगी एक तासही एकटी राहिली नाही. माणसं घरातच असतात, खुर्चीत बसून एका चौकोनाशी बोलतात आणि मधेमधे पोळीचा तुकडा देतात, अशी तिची जगाबद्दलची पक्की समजूत. मग जानेवारी २०२३ मध्ये ऑफिसने फर्मान काढलं, आठवड्यातून तीन दिवस हजर व्हा. कोथरूड ते हिंजवडी. आठ तास काम आणि जाऊन येऊन अडीच तास, ट्रॅफिकची कृपा असेल तर.

पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची मुलगी वर आली. बिचारी भांडायला नव्हती आली. तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं आणि दुपारी चिंगी रडायला लागली की ते दचकून उठायचं. आता कायदा बघायला गेलं तर तो आमच्या बाजूने आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. पण ते परिपत्रक वाचून दाखवलं म्हणून बाळ थोडंच झोपणार होतं? आणि चिंगीचं रडणं थोडंच थांबणार होतं?

जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेलो. संध्याकाळी ते बघितलं आणि मला जेवण गेलं नाही. दार बंद झाल्यावर चार मिनिटं शांतता. मग दारावर नखं. मग मान वर करून लांबलचक हेल. चाळीस मिनिटं. त्यानंतर ती माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली.

आईचा फोन आला. "गावाला पाठवून दे. मोकळं अंगण आहे, माणसं आहेत." आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आजोळच्या वाड्यात कुत्रं होतं, त्याला कोणी 'वेळ देत' नव्हतं. उरलंसुरलं खायचं आणि ओटीवर पडून राहायचं. पण ते कधी एकटं नव्हतं, कारण घर कधी रिकामं नसायचं. आणि घर रिकामं नसायचं, कारण आजी, मामी, मावशी यांना बाहेर जायला जागाच नव्हती! (पुढे बघू म्हटलं होतं ना, ते हेच.) त्या वाड्यातल्या कुत्र्याच्या सुखाचा हिशेब मांडताना हा खर्च कोणी धरत नाही.

त्याहून टोचणारा विचार दुसराच होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीपाशी चार कुत्री असतात. त्यांना ना लस वेळेवर, ना जेवणाची खात्री, वर गाड्यांची भीती. पण ती दिवसभर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून लोळत असतात. चिंगी त्यांच्यातलीच. आम्ही तिला गादी दिली, औषधं दिली आणि त्याबरोबर एकटेपणाही दिला. हा सौदा तिला विचारून केलेला नाही. म्हणून तो निभावून नेणं आमच्याकडे लागतं, एवढंच मला कळलं. गावाला पाठवायचं नाही असं ठरलं.

मग कामाला लागलो. डॉक्टरांनी सांगितलं, तिला भीती रिकाम्या घराची आहे आणि ती सुरू होते किल्ल्यांच्या आवाजापासून. तेव्हा आधी त्या आवाजातला अर्थ काढून टाका. त्यामुळे महिनाभर मी दिवसातून वीस वेळा किल्ल्या खुळखुळवून परत सोफ्यावर बसत होते. पर्स अडकवून भाजी निवडत होते. कामवाल्या मावशींना माझी काळजी वाटायला लागली. मग बाहेर जाऊन एक मिनिटाने परत, मग तीन, मग पाच. पाचावरून अर्ध्या तासावर जायला सहा आठवडे लागले, अर्ध्या तासावरून चार तासांवर मात्र पटकन गेलो. या काळात तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही ही अट होती. म्हणून नवऱ्याने त्याचे घरून कामाचे दिवस माझ्या ऑफिसच्या दिवसांवर बसवले. तीनपैकी दोन बसले, बुधवार उरला. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका एक वाजता येऊन तिला फिरवायला लागले. आजतागायत येतात. मोठं कुत्रं सहा-आठ तास धरू शकतं हे खरं, पण धरू शकतं म्हणून धरायला लावायचं नसतं, हे वाक्य त्यांचंच.

सकाळी साडेसहाला पाऊण तास फिरणं. घाईचं नाही, प्रत्येक खांब हुंगू देत. हुंगण्याने कुत्रं दमतं, हे आम्हाला उशिरा कळलेलं गुपित. निघताना पोकळ रबरी खेळण्यात आदल्या रात्री भरून गोठवलेला दहीभात. तो चाटून संपवायला तिला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात आमच्या जाण्याचं दुःख मावळतं. दहीभाताचा हा उपयोग कोकणातल्या कुठल्याही आजीने कल्पिला नसेल.

शिबुया स्टेशनवरच्या हाचिकोची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये गेले आणि तो १९३५ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, त्यांची वाट बघायला येत राहिला. सगळे त्या दहा वर्षांसाठी रडतात. मला हल्ली त्याआधीचं वर्ष-सव्वा वर्ष आठवतं, ज्यात काहीच घडलं नाही. मालक रोज कामाला गेले आणि रोज परत आले. कुत्र्याने एवढा विश्वास ठेवला तो त्या साध्या दिवसांच्या जोरावर.

आता रेकॉर्डिंगमध्ये चिंगी दहीभात संपवते, खिडकीतून दोन कावळ्यांवर भुंकते आणि झोपते. एक ते चार गाढ. पाचच्या सुमाराला उठून दाराकडे तोंड करून बसते. रडत नाही, नुसती बसते. ते दोन तास अजून कमी करता आलेले नाहीत. वरिष्ठांशी बोलून मी बुधवारी तासभर लवकर निघायला लागलेय, राहिलेलं काम रात्री घरून करते. म्हणजे उरला एक तास.

तुमच्यापैकी कोणी तो सोडवला असेल तर जरूर लिहा.