पोटाबाहेरचे हात

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जनचं निम्मं काम बोटं करतात. आतड्यातली गाठ डोळ्यांना दिसण्याआधी चिमटीला लागते. दुर्बिणीनं नेमकी हीच चिमटी काढून घेतली. कार्बन डायऑक्साइडनं पोट फुगवायचं, छोट्या छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं आत घालायची आणि पडद्याकडे बघत काम करायचं. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं! ही उलटापालट सरावानं अंगवळणी पडते. हाताला न लागणारी गाठ मात्र कितीही सराव केला तरी लागत नाही. म्हणून कोलोनोस्कोपीच्या वेळीच गाठीजवळ आतड्याच्या भिंतीत काळी शाई टोचून ठेवतात. ती टोचायची राहिली आणि गाठ लहान असली, तर भर ऑपरेशनमध्ये पुन्हा कोलोनोस्कोप मागवावा लागतो.

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याच वर्षी मायामीत मोइझेस जेकब्ज यांनी मोठ्या आतड्याला हात घातला. पित्ताशयाची पद्धत बघता बघता सगळीकडे रुळली, आतड्याचं घोडं मात्र अडलं. पित्ताशय एका कोपऱ्यात असतं, काढलं की काम संपलं. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब, पोटाला वळसा घालून बसलेलं. ते मोकळं करायचं, जाड रक्तवाहिन्या बंद करायच्या, मूत्रवाहिनी सांभाळायची आणि उरलेली दोन टोकं जोडायची. तो जोड गळला तर जिवावर बेततं.

त्यात कॅन्सरची भीती. काही रुग्णांच्या पोटावरच्या छिद्रांतच गाठी उगवल्या आणि अनेक सर्जननी हात आखडता घेतला. ती भीती रास्तच होती. उत्तर मिळालं २००४ मध्ये, अमेरिका आणि कॅनडातल्या ४८ संस्थांमधल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीतून. कॅन्सर तीन वर्षांत उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जननं आधी अशा किमान २० शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात, ही अट होती.

रुग्णालयातला मुक्काम मात्र जेमतेम एका दिवसानं घटला. घरी लवकर जाण्याचं सगळं श्रेय छिद्रांना देणाऱ्यांनी कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांचं काम जरूर वाचावं. दुखणं नीट आटोक्यात ठेवून, लवकर खायला देऊन आणि लगेच चालायला लावून त्यांनी उघड्या शस्त्रक्रियेचे रुग्णही दोन दिवसांत घरी धाडले होते.

त्या चाचणीतला आणखी एक आकडा सर्जनना विसरता येत नाही. दुर्बिणीनं सुरू केलेल्या शस्त्रक्रियांपैकी २१ टक्के वेळा पोट उघडावं लागलं. चिकटलेली आतडी, रक्तस्राव, शेजारच्या अवयवात शिरलेली गाठ, कारणं अनेक. अशा वेळी दुर्बीण बाजूला ठेवायला अनुभव लागतो. नवखा सर्जन हट्टाला पेटून वेळ घालवतो. नातेवाईक आदल्या दिवशी विचारतात, ‘‘दुर्बिणीतूनच होईल ना, डॉक्टर?’’ सुरुवात दुर्बिणीनं करू, पुढचं आत बघून ठरेल, एवढंच सर्जन सांगू शकतो. संमतिपत्रावर म्हणूनच दोन्ही पद्धती लिहून सही घेतात.