बाळंतिणीचं ताट

नाशिकला थंडी पडली की आमच्या घरात सगळ्यांच्याच टाचा फुटतात. म्हणून मार्गशीर्षात चार महिन्यांच्या लेकाचे गाल लाल, खरखरीत झाले तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग गालांवरून लस येऊ लागली, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला चट्टे उठले आणि रात्री तो उशीवर गाल घासत रडू लागला. आता कारण शोधणं आलं. ते शोधत शोधत सगळे येऊन थांबले माझ्या ताटापाशी.

आधी वांगं बंद झालं, मग अंडं, शेंगदाणे, आंबट, शेवटी दूध. ‘अंगावर पाजतेस ना, मग तुझ्याच खाण्यातून येणार,’ असं सासूबाई म्हणायच्या. शेजारच्या काकूंच्या मते ती उष्णता होती, आत्यांच्या मते रक्तातला दोष. माहेरून आलेले डिंकाचे लाडू पाहुण्यांनी संपवले. माझं वजन उतरलं. चट्टे होते तिथेच होते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी खाण्याबद्दल विचारलंच नाही. ‘घरात कुणाला दमा आहे? सारखी सर्दी, शिंका?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, ‘आमच्याकडे हे असलं कुणालाच नाही.’ शेजारी सासरे बसले होते, खिशात दम्याचा पंप घेऊन. नवरा तर रोज सकाळी शिंकतच उठतो. थोड्या वेळानं सासूबाईंनाच आठवलं, की नवरा लहानपणी गुडघ्यांमागे खाजवून रक्त काढायचा आणि त्या रात्री त्याच्या हातांत मोजे घालायच्या.

बाळाला झालं होतं ते इसब, म्हणजे एक्झिमा. दमा, ॲलर्जीची सर्दी आणि हे इसब बहुधा एकाच घराण्यात फिरतात. त्वचेच्या वरच्या थराला घट्टपणा देणारं फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. ते बनवणाऱ्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध असल्याचं स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलं. इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष सापडतो असं नाही, पण त्वचा कच्ची असणं सगळीकडे दिसतं. नव्या माठासारखी ती पाझरते. आतली ओल निघून जाते आणि बाहेरून साबण, घाम, धूळ आत शिरून प्रतिकारशक्तीला चिथावतात. त्यातून खाज येते, खाजवून त्वचा आणखी फाटते, फाटली की खाज वाढते. कोरडी थंडी हा रोग निर्माण करत नाही, भडकवते.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का? काही बाळांना, विशेषतः लहान वयात तीव्र इसब असलेल्यांना, अंडं किंवा दुधाची खरी ॲलर्जी असते. पण तो पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या होणं अशी तिची खूण बहुधा दिसते. तेव्हा तपासणी करायची. आणि बऱ्याचदा क्रम उलटाच असतो: फाटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शरीराला भेटतात आणि ॲलर्जी नंतर जडते. हे ऐकल्यावर मी घरी येऊन पहिल्यांदा दाण्याची चटणी खाल्ली.

बाकीचे बदल साधे होते, पण मालिशवाल्या मावशींना पटवणं अवघड गेलं. डाळीच्या पिठानं चोळल्याशिवाय बाळाची लव कशी जाणार, हा त्यांचा बिनतोड सवाल. ते चोळणं थांबलं, कढत पाणी थांबलं, आंघोळीनंतरची धुरीही थांबली. आजीनं विणलेला लोकरी स्वेटर सुती झबल्यावरून घालायचा ठरला. कोमट पाण्यात झटपट आंघोळ, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच बिनवासाचं मलम भरपूर लावायचं. चट्टे लाल झाले की डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड, त्या सांगतील तेवढेच दिवस. स्टेरॉइडची भीती मलाही होती. पण भ्यायचंच तर औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘खाजेच्या’ मिश्र मलमांना भ्यावं. त्यांत अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं आणि बाळाची त्वचा त्यानं पातळ होते.

आता लेक तीन वर्षांचा आहे. अंडं खातो, दाण्याचा लाडू मागून खातो. गाल स्वच्छ आहेत. थंडीत कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत चट्टे उठतात, कारण वयाबरोबर इसबाच्या जागा बदलतात. पुष्कळ मुलांचं मोठेपणी कमी होतं, सगळ्यांचं नाही.

तुमच्या घरात असं बाळ असेल तर बाळंतिणीला पोटभर जेवू द्या. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पू झाला किंवा ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.