निमूट सेवक

लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत आरंभिलेल्या लिनक्सच्या आज्ञा आम्ही उतारवयात शिकू लागलो. काम फत्ते झाले तरी हा सेवक बहुधा अवाक्षर काढीत नाही, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटे. एके रात्री जुन्या प्रती पुसण्यास ‘आरएम’ लिहिले. तारकेनंतर एक मोकळी जागा चुकून सुटली. ‘जुने ते सर्व’ऐवजी नुसतेच ‘सर्व’ झाले, आणि तीर्थरूपांच्या पत्रांचा संग्रह नाहीसा झाला. मूळ पत्रे वाळवीने पूर्वीच खाल्ली होती. आज्ञेस ‘-आय’ जोडले असते तर सेवकाने एकवार विचारले असते. परंतु ‘विचार’ म्हणून सांगणेही आमच्याकडेच होते. पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र पुन्हा वाचावे, असे तीर्थरूप सांगत. आता ‘एंटर’ दाबण्यापूर्वी आम्ही ओळ मोठ्याने वाचतो.