तेरड्याचा रंग

सासूबाई कोकणातलं घर बंद करून वडोदऱ्याला आमच्याकडे राहायला आल्या, त्या वर्षी मी गौरींसाठी रोपवाटिकेतून तेरड्याची सहा रोपं आणली. आमच्याकडे मुखवट्याची गौर नसते. भाद्रपदात रानातून मुळासकट आणलेला तेरडा हीच आमची गौर. रोपवाटिकेतली फुलं गुलाबासारखी भरगच्च होती. वाटलं, आई खूश होतील. त्या दोन दिवस गॅलरीत बसून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुकी आहेत गं ही फुलं. एक माशी बसत नाही यांच्यावर."

पूजा झाली, पण नैवेद्याचं ताट वाढताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

नंतर मी एक फूल उलगडून पाहिलं. रानातल्या तेरड्याच्या फुलाला मागे बारीक, वाकडी शेपटी असते आणि मध त्या शेपटीत असतो. तिथवर सोंड घालताना माशीची पाठ वरच्या परागांना घासते. भरगच्च फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात आणि त्या गर्दीत मधाची वाट बुजते. आपल्या डोळ्यांसाठी आपण फूल सजवलं आणि ज्यांच्यासाठी ते उमलतं त्यांनाच दार लावून घेतलं.

सह्याद्रीचं उत्तर टोक गुजरातेत, डांगात उतरतं. तिथेही तेरडा आपसूक उगवतो. पावसाळा सरताना आम्ही सापुताऱ्याला गेलो, तेव्हा रस्त्याकडेच्या बांधावर तो दिसला. आईंनी गाडी थांबवायला लावली. "चिमटीत धरू नकोस. आधी मूठ मिटायची, मग दाबायचं." पिकलेलं बोंड मुठीत फुटलं, सालं गोळा झाली आणि तळहाताला गुदगुल्या झाल्या. मोहरीपेक्षा जरा मोठ्या, तपकिरी बिया. मूठभर घेतल्या, बाकी बोंडं तशीच ठेवली. सावलीत वाळवून त्या कागदाच्या पुडीत ठेवल्या.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पूर्वेच्या गॅलरीत, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी आठ कुंड्यांत बिया पेरल्या. वर फक्त मातीची चिमूट भुरभुरली. आठवड्याभरात कोंब आले. गर्दी झाली तिथली रोपं उपटताना माझा हात अडखळला, आईंचा नाही. तेरड्याचा दांडा पाण्याने भरलेला असतो. एक दिवस पाणी चुकलं तर झाड मान टाकतं आणि पाणी मिळालं की तासाभरात उभं राहतं.

ऑगस्टमध्ये एका कुंडीची पानं कुरतडलेली दिसली. काळसर अळी, कडेने डोळ्यांसारखे पिवळे ठिपके, शेपटीवर शिंग. हॉक मॉथची अळी. मी निंबोळी अर्काची बाटली काढली. आई म्हणाल्या, "पाखरं हवीत आणि त्यांची पोरं नकोत, असं कसं?" ती कुंडी आम्ही अळ्यांना सोडली.

मग गुलाबी फुलं आली, एकेरी, साधी. चौथ्या दिवशी सकाळी पोटावर निळे पट्टे असलेली माशी आली आणि थेट शेपटीच्या दिशेने आत शिरली. आईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण माणसाच्या उथळपणासाठी वापरतो. कुंड्यांजवळ रोज बसल्यावर मला ती अन्यायाची वाटू लागली. फूल आधी पराग देतं. मग परागांची टोपी गळते, खालचा स्त्रीकेसर उघडा पडतो आणि ते दुसऱ्या फुलाचे पराग घेतं. देणं आणि घेणं, दोन्ही त्या मोजक्या दिवसांत उरकतं. त्याला अधिक काळ लागतच नाही.

गौरी आल्या तेव्हा सात कुंड्या फुलल्या होत्या. कोकणात आई ओंजळभर रोपं आणायच्या. इथे त्यांनी बराच वेळ निवड केली आणि दोनच उपटली. मी म्हटलं, "आई, अजून घ्या ना."

"पुरेत. बाकीच्यांवर पाहुणे आहेत."

त्या वर्षी नैवेद्य वाढताना त्या कोकणातल्या विहिरीजवळच्या तेरड्याबद्दल बोलत होत्या. घर बंद केल्यापासून पहिल्यांदाच.