मायची जन्मतारीख

बहिणीचा फोन रात्री येतो. तिची ड्युटी सुटते तेव्हा आपल्या इकडं जग झोपलेलं असतं. सेमाडोहात रेंज येते-जाते. म्हणून मी जेवण झालं की मोबाईल घेऊन सडकेवर उभा राहतो. त्या रात्री ती एकदम बोलली,
"दादा, मायची जन्मतारीख पाह्यजे. खरी."

मी हसलो. आमच्या मायची खरी जन्मतारीख! सरकारला ठाऊक नाही, मायला ठाऊक नाही, मला कुठून ठाऊक असणार?

बहीण नर्स आहे. इंग्लंडात, बर्मिंगहॅमकडच्या भागात नोकरी करते. ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जाची तिची तयारी चालली होती. त्या फॉर्मात आईबापाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं विचारतात. मला ते तेव्हा कळलं. आणि माझं डोकं फिरलं. मी बोलून गेलो, "बाबासाहेबांनी दिलेलं नागरिकत्व तू सोळाशे पौंडांत विकून ऱ्हायली का? बाबासाहेब लंडनला शिकले अन् वापस आले."

तिकडून आवाज आला, "वापस आले दादा. 1917 साली. अन् बडोद्यात त्यायले राहाले खोली भेटली नाही." फोन कट.

आठ दिवस फोन नाही. मित्रांनो, मी दहा वर्षं कार्यकर्ता म्हणून फिरतो. भाषणं ठोकतो. त्या आठ दिवसांत मला कळलं की मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तू हे कशासाठी करतेस म्हणून.

नवव्या दिवशी मीच फोन केला. तिनं सगळं सांगितलं. तिथं कायम राहायचा परवाना तिला मिळालेला आहे. पण तो परवाना घेऊन माणूस सलग दोन वर्षांच्या वर बाहेर राहिला की परवाना जातो. मायचं वय झालं. उद्या ती अंथरुणाला खिळली, तर बहिणीला इथं येऊन राहायचं आहे, किती दिवस ते कोण सांगणार? ब्रिटिश पासपोर्ट असला तर ती चार वर्षं मायजवळ राहिली तरी परत नोकरीवर जाऊ शकते. म्हणजे घरी येता यावं म्हणून पोरगी परदेशी होते आहे. हे माझ्या भाषणात कुठंच बसत नव्हतं.

दुसरं कारण भीतीचं. वेस्ट इंडिजमधून लहानपणी गेलेली काळी माणसं तिथं पन्नास-पन्नास वर्षं राहिली, खपली. ती कायद्यानं तिथलीच होती, पण कागद जवळ नव्हता. सरकारनं त्यांच्याकडं पुरावे मागितले. काहींची नोकरी गेली, काहींना देशाबाहेर काढलं. 2018 साली त्याचा बोभाटा झाला. बहीण म्हणाली, "दादा, कागद कच्चा असला का माणूस कच्चा असते. हे मी सेमाडोहातच शिकली."

खरं आहे. आमचा बाप जंगलखात्यात रोजंदारीवर इथं आला. कूपात सागवान तोडलं, सडकेवर गिट्टी फोडली, इथंच मेला. वनहक्क कायदा 2006 साली आला. कोरकू भावांनी 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा दाखवायचा. आम्ही आदिवासी नाही, म्हणून आम्हाला त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. कुठून दाखवणार? लोकांचे दावे मी लिहून देतो. स्वतःच्या घराचा दावा पडला. जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा पाहिजे. त्यासाठी मी आजोबाच्या नावाचा एक कागद शोधत दर्यापूर-अचलपूरच्या कचेऱ्यांत दोन उन्हाळे घातले. आणि दाखला मिळाला तरी बौद्ध म्हटल्यावर केंद्राच्या सवलतींचं दार 1990 पर्यंत बंदच होतं. आपल्याच देशात आपण आपले आहोत, हे सिद्ध करण्यात आपल्या दोन पिढ्या खपल्या.

तिच्या फॉर्मचं ऐका. पाच वर्षांत देशाबाहेर साडेचारशे दिवसांच्या वर राहिलेलं चालत नाही. शेवटच्या एका वर्षात नव्वद दिवस. म्हणून मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पंधरा दिवसांत परत गेली होती. मला तेव्हा राग आला होता. ती बोटावर दिवस मोजत होती, हे मला आता कळलं. प्रत्येक येण्याजाण्याची तारीख लिहावी लागते. तिनं पासपोर्टचे शिक्के लावले, मी माझ्या डायऱ्या काढल्या. बाप वारला ती तारीख, तिसऱ्या दिवशी ती आली ती तारीख. एका रकान्यात "कारण" म्हणून तिनं लिहिलं: वडिलांचा मृत्यू. बस, दोन शब्द.

मग परीक्षा. चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, अठरा बरोबर आले की पास. रात्रपाळी करून पोरीनं आठव्या हेन्रीच्या सहा बायका पाठ केल्या. मग दोन जामीनदारांसारखी माणसं, तीन वर्षांची ओळख असलेली. एक तिची वरिष्ठ नर्स. दुसरे तिथल्या विहारातले एक पंजाबी आजोबा, लोखंडाच्या भट्टीत जन्म घातलेले, आपलेच, जयभीमवाले.

फॉर्मात जातीचा रकाना नाही. मी खूश झालो. ती म्हणाली, "रकाना नाही, जात हाय." तिथं आपल्याच देशाच्या एका बाईनं पहिल्या आठवड्यात आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग डबा वेगळा धरला. त्यांच्या 2010 च्या समता कायद्यात जात घालायची तरतूद होती, 2013 साली ती बंधनकारक केली, आणि 2018 साली सरकारनं अंग काढून घेतलं. कोर्टाच्या निकालांवर भागवा म्हणाले. तेव्हा तिथंही लढाई आहेच.

आणि इथलं काय जाणार? आपला देश दोन नागरिकत्वं मानत नाही. घटनेचं 9 वं कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा, दोन्हींचा रोख तोच. तिकडचं घेतलं की इकडचं संपलं. पासपोर्ट जमा करायचा. मग ओसीआय कार्ड. त्यावर येता-राहता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नागरिकत्वाच्या या कलमांनी मसुदा समितीचं डोकं उठवलं, असं बाबासाहेबांनी स्वतः 10 ऑगस्ट 1949 ला घटनासमितीत सांगितलं होतं. फाळणीतून आलेल्या-गेलेल्या माणसांचा प्रश्न होता. माणूस कुठला, हे ठरवणं त्यांनाही सोपं गेलं नाही. मग मी एका फोनवर कसं ठरवलं?

राहिली मायची तारीख. आधार कार्डावर 1 जानेवारी 1954. कोण्या पोरानं कॅम्पात बसून ठोकलेली. मी मायजवळ बसलो. माय म्हणाली,
"मले का ठावं बापा? माही माय सांगे, दीक्षेले नागपूरले गेलती तवा मी पोटात होती. गर्दीत लोकं तिले हात धरून वाट देत. थंडी सरता सरता मी झाली."

मी गप्प झालो. 14 ऑक्टोबर 1956. म्हणजे माय 1957 च्या सुरुवातीची. आमच्या घरात बौद्ध म्हणून जन्मलेलं पहिलं माणूस. आणि कार्डावर ती धर्मांतराच्या आधीच जन्मली आहे.

खोटं लिहिलं तर तिथं अर्ज बुडतो, मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतात. म्हणून आम्ही तिघांनी फोनवर ठरवलं. रकान्यात कार्डावरची तारीख. आणि जास्तीच्या माहितीच्या जागेत बहिणीनं लिहिलं: ही तारीख कागदावरची आहे, जन्माची नोंद नाही, आई 1956 च्या ऑक्टोबरनंतर काही महिन्यांनी जन्मली असं घरात सांगतात.

शपथेत देवाचं नाव घेणार नाही, नुसतं प्रतिज्ञेवर बोलणार, तशी सोय आहे, असं ती म्हणाली. राजाशी निष्ठा मात्र बोलावी लागते. ते मला अजून खुपतं. तिलाही खुपतं. मायला विचारलं तर म्हणाली, "राजाचं काय घिऊन बसला? पोरगी कवा येते थे सांग."

अर्ज गेला आहे. उत्तर आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात म्हातारी माणसं असतील तर आज रात्री त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. गाव, साल, कोण पोटात होतं, कोण कुठून आलं, जे आठवतं ते लिहून घ्या. मी बापाला विचारायचं राहून गेलं.

जयभीम.