वेगळी चूल

दिवाळीला लेकीने नवा लॅपटॉप आणून दिला. हलका, बिनपंख्याचा, दिवसभर चार्जर न मागणारा. जुन्यातलं सगळं नव्यात आलं; फक्त माझी विंडोज एक्सपी आली नाही. फाइल कॉपी झाली, पण सुरूच होईना. तिला इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसर लागतो आणि नव्या लॅपटॉपमध्ये आहे एआरएम. "एवढ्या जुन्या विंडोजसाठी जेवायची थांबलीस?" लेकीने विचारलं. हो, तिच्यासाठीच.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात डीटीपीच्या दुकानात मी ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा पेजमेकर, मराठी फॉन्टचं पॅकेज आणि लॉक या तिघांवर सगळं चाले. लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा बोटभर ठोकळा. तो नसला की मराठी उमटायचंच नाही. मालक रात्री शटर ओढण्याआधी तो काढून शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायचे. माझ्या शेजारी स्टुलावर मुद्रितशोधक काका बसत. प्रुफं कागदावरच तपासायची, पण शेवटच्या दुरुस्त्या लागल्या की नाही हे ते जातीने स्क्रीनवर पाहत. काचेवर बोट टेकवायचे, त्या जाड मॉनिटरवर साचलेली वीज चट्‌कन बोटाला लागायची, बोट मागे यायचं आणि पुन्हा नेमकं त्याच अक्षरावर जायचं. "अगं, इथला रफार उडालाय बघ."

पुढे मी घरीच काम सुरू केलं. लॉक यूएसबीचं झालं, विंडोज बदलत गेल्या आणि ते फॉन्टचं पॅकेज मात्र एक्सपीलाच चिकटून राहिलं. लेखक मजकूर पेनड्राइव्हवर आणत, त्यातल्या फोल्डरांचे व्हायरसने शॉर्टकट झालेले असत, आणि तासाभरात माझ्याही फोल्डरांचे व्हायचे. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली. तेव्हा मी तिला वेगळी चूल मांडून दिली. मुख्य विंडोज नवी. तिच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आणखी एक आभासी कॉम्प्युटर. त्यात एक्सपी, पेजमेकर आणि फॉन्ट. इंटरनेटची जोडणी सेटिंगमधूनच काढून टाकलेली, येण्याजाण्याला एकच सामाईक फोल्डर, आणि यूएसबीचं लॉक थेट तिच्या हवाली. सगळं नीट बसलं की स्नॅपशॉट घ्यायचा. बिघडलं की त्या स्नॅपशॉटवर परत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, इतका की मायक्रोसॉफ्टला सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. त्या आठवड्यात मी निर्धास्तपणे एका दिवाळी अंकाच्या जुन्या फायली चाळत बसले होते.

ही युक्ती पेनड्राइव्हच्या व्हायरसांपेक्षा फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमच्या केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० नावाची प्रणाली तयार झाली. एका यंत्रावर एकाच वेळी चौदा आभासी यंत्रं, आणि प्रत्येकाला वाटावं की सगळं यंत्र आपलंच. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या तीन अटी मांडल्या: आतला प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालल्यासारखाच चालावा, साधनांवरचा ताबा मात्र बाहेरच्याकडे राहावा, आणि बहुतेक सूचना थेट प्रोसेसरनेच पार पाडाव्यात, म्हणजे वेग जाऊ नये. घरोघरचे इंटेलचे प्रोसेसर या अटींत बसत नव्हते. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये आडवळणाने ते जमवलं. २००५ पासून प्रोसेसरमध्येच सोय येऊ लागली. यातली तिसरी अट माझ्या नव्या लॅपटॉपने मोडली. शेवटी क्यूईएमयूवर एक्सपी उठवली. ते प्रत्येक सूचनेचा उलथा करून दुसऱ्या प्रोसेसरला समजावतं, म्हणून एक पान उलटायला अर्धा चहा होतो. पण पान उलटतं.

एवढा खटाटोप का? कारण ते पॅकेज गेलं तर मजकूर जातो. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा त असे तुकडे बसवलेले आहेत, आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या जागी बसवले. फॉन्ट काढला की कादंबरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उरतो. मला याचा राग आहे आणि तो कमी होत नाही. भारतीय लिप्या कॉम्प्युटरात साठवण्याचं इस्की हे मानक १९९१ चं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तीत देवनागरी होती. रस्ता होता, तरी हे पॅकेजवाले वर्षानुवर्षं मराठी लेखन एकेका कंपनीच्या कुलपात घालत राहिले, आणि किल्ली विकत राहिले. मी ज्यांची किल्ली घेतली त्यांना नव्या विंडोजसाठी पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की नवं पॅकेज घ्या; जुन्या फायली त्यात उघडतील याची हमी नाही.

कन्व्हर्टर आहेत, वापरलेही. सध्या एका प्रकाशकाला जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाची नवी आवृत्ती काढायची आहे, म्हणून ती फाइल युनिकोडमध्ये आणली. त्यात डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला होता. ऱ्य साठी जुन्या फॉन्टात वेगळा तुकडा होता, कन्व्हर्टरला तो ओळखता आला नाही. गाणारी बाई घाटमाथ्यावरची. तिला एकदम समुद्रात लोटलं. मग एका बाजूला एक्सपीतलं मूळ पान आणि दुसऱ्या बाजूला नवं, असं ओळीओळीने ताडून पाहायला बसले, आणि प्रत्येक ऱ्य शी ते बोट आठवत राहिलं.

काकांनी या संग्रहावर किती मेहनत घेतली होती! एका ओवीतला शब्द लेखकाच्या वहीत एक आणि टंकात दुसरा, तर ते स्वतः लेखकाच्या घरी जाऊन ध्वनिफीत ऐकून आले होते. त्याची मजुरी कुणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. मी मूळ फाइलचं श्रेयपान उघडलं. प्रकाशक आहे, मुद्रक आहे, मुखपृष्ठ करणारा आहे, अक्षरजुळणी म्हणून आमच्या दुकानाचं नावही आहे. काका कुठेच नाहीत. मग त्यांच्या हातून गेलेली बाकीची पुस्तकं एक्सपीत एकेक करून उघडली. हळू चालते, रात्र गेली. एकातही नाही.

प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, मुद्रितशोधकाचं नाव घालायची आपल्याकडे पद्धत नाही." मी म्हटलं, "तर या पुस्तकापासून घाला. नाहीतर फाइल दुसऱ्या कुणाकडून रूपांतरित करून घ्या." दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला. आता बाकीच्या पुस्तकांच्या प्रकाशकांना पत्रं लिहिते आहे. प्रत्येक पत्रासोबत पुस्तकाची युनिकोडमधली फाइल जोडते, विनामूल्य.