जुने ऑइल

अंबरनाथच्या आनंदनगरात राहणाऱ्या आम्हा दोघा मराठीच्या अध्यापकांनी एका रविवारी आपल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअरचे ऑइल घरीच बदलायचे ठरवले. नवे ऑइल लालभडक. तळाचा बोल्ट सैल करताच ट्रेमध्ये उतरले ते मात्र काळपट, करपट वासाचे. जितके निघाले तितकेच मापून भरायचे, एवढे ठाऊक होते. निम्मेअधिक जुने टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते आणि नव्यात मिसळते, हे (अध्यापकी खोडीनुसार) नंतर वाचले.

काम दोन तासांत उरकले. उरला चार लिटरांचा कॅन. शेजारी म्हणाले, "सर, द्या नाल्यात सोडून. नदीत आधीच काय कमी आहे?" नाला वालधुनीला मिळतो, वालधुनी शके ९८२च्या, म्हणजे इ. स. १०६०च्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जाते. त्या मंदिरातल्या शिलालेखावर आम्ही वर्गात तास घेतलेले! शिवाय २०१६च्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. गॅरेजवाल्याने "एवढ्याशासाठी?" म्हणून हात झटकले, भंगारवाल्याने फक्त रिकामा कॅन मागितला.

तूर्त कॅन बाल्कनीत तुळशीशेजारी आहे, झाकणावर तारखेची चिठ्ठी चिकटवून.